ड्रम फिरवत राहिलं की माल आपोआप मिसळतो? चिवड्याच्या डब्यापासून थायरॉइडच्या गोळीपर्यंतचा घोळ

दिवाळीचा चिवड्याचा डबा आठवा. पहिल्या दिवशी प्रत्येक घासात सगळं असतं. शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कढीपत्ता, तिखट-मीठ, सगळं बेतात. आठवड्याभराने डबा तळाला जातो आणि खाली उरतो फक्त चुरा, मीठ, तिखट आणि पिठीसाखर. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, "अरे, डबा जरा हलवून घे ना!" आपण डबा हलवतो आणि उरलंसुरलं मीठसुद्धा तळाशी जाऊन बसतं.

आता हाच डबा मनातल्या मनात मोठा करा. पातळ पत्र्याच्या जागी स्टील, चिवड्याच्या जागी पांढरी पावडर आणि हलवणाऱ्या हाताच्या जागी मोटर. औषधाच्या कारखान्यात फिरणारा ड्रम तो हाच. त्यातल्या पावडरीपासून पुढे गोळ्या तयार होतात.

चिवड्यात मीठ कमी लागलं तर आपण वरून घेतो. गोळीत औषध कमी पडलं तर काय करणार? ते आपल्याला कळणारसुद्धा नाही.

म्हणून आजचा विषय आहे फिरणारा ड्रम. औषधं, खतं, सिमेंट, डांबर, बियाणं, काजू, अशा असंख्य गोष्टी कुठल्या ना कुठल्या ड्रममधून जातात. बाहेरून बघितलं तर यंत्र एकदम सोपं वाटतं. पण त्याच्या आत कण सारखे पसरवणं हे भल्याभल्या इंजिनीयरांना घाम फोडणारं काम आहे.

50 ग्रॅम औषध आणि 100 किलो पावडर

थायरॉइडची गोळी अनेकांच्या घरात असते. तिच्या बाटलीवर 25, 50 किंवा 100 मायक्रोग्रॅम असं लिहिलेलं असतं. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढीशी गोष्ट चिमटीत तर सोडाच, डोळ्यांनाही नीट दिसणार नाही. म्हणून गोळी हातात धरता यावी यासाठी तिच्यात औषधाशिवाय इतर निरुपद्रवी पावडर घालतात.

हिशोब करून बघू. गोळीचं वजन 100 मिलिग्रॅम धरा आणि तिच्यातलं औषध 50 मायक्रोग्रॅम. म्हणजे औषध एक भाग असेल तर पूर्ण गोळी 2000 भाग. अशा दहा लाख गोळ्या करायच्या तर एकूण पावडर लागेल 100 किलो. आणि त्यात खरं औषध किती? फक्त 50 ग्रॅम.

म्हणजे लहान वाटीत मावेल एवढं औषध दोन पोती पावडरीत असं पसरवायचं की कुठूनही चिमूटभर पावडर उचलली तरी तिच्यात औषध तेवढंच निघालं पाहिजे. एकदा नाही, दहा लाख वेळा.

हे तपासण्यासाठी नियम आहेत. कमी मात्रेच्या गोळ्यांसाठी औषधकोशात, म्हणजे फार्माकोपियात, एकेका गोळीतलं औषध मोजण्याची चाचणी दिलेली असते. सुरुवातीला 10 गोळ्या वेगवेगळ्या तपासतात. साधारणपणे प्रत्येकीत 85 ते 115 टक्क्यांच्या आत औषध असावं अशी अपेक्षा असते. दहा गोळ्यांची सरासरी बरोबर आली म्हणून भागत नाही. पेशंट सरासरी खात नाही, एकेक गोळी खातो.

ड्रमच्या आत नेमकं चाललेलं काय असतं?

आपल्याला वाटतं की ड्रम फिरतोय म्हणजे आतला सगळा माल ढवळला जातोय. इथेच चूक होते.

आडवा ड्रम हळूहळू फिरत असेल तर आतला बहुतेक माल ड्रमला चिकटल्यासारखा, एकाच गठ्ठ्यासारखा वर चढतो. त्या गठ्ठ्यातल्या कणांची जागा एकमेकांच्या तुलनेत बदलत नाही. कण खऱ्या अर्थाने सरकतात ते फक्त वरच्या उतारावर, एका पातळ थरात. वाळूच्या ढिगावरून वाळू घसरते तसा हा थर वरून खाली घरंगळतो. खाली पोचलेले कण पुन्हा गठ्ठ्यात जातात आणि फिरून वर येतात.

म्हणजे मिसळण्याचं जवळजवळ सगळं काम त्या पातळ थरात होतं. बाकीचा माल फक्त आपला नंबर येण्याची वाट बघत असतो.

पण त्याच थरात एक घोटाळाही होतो. कण घरंगळत असताना त्यांच्यामध्ये छोट्या-छोट्या फटी पडतात. बारीक कण त्या फटींतून खाली उतरतात आणि मोठे कण वरून पुढे ड्रमच्या भिंतीपर्यंत पोचतात. चाळणीतून पीठ खाली पडतं आणि कोंडा वर राहतो, अगदी तसंच. त्यामुळे बारीक कण ड्रमच्या मधोमध गोळा होतात आणि मोठे कण बाहेरच्या कडेने राहतात. याला फार वेळही लागत नाही. ड्रमचे एक-दोन फेरे झाले की आत बारीक कणांचा गाभा दिसायला लागतो.

आणखी पुढची गंमत 1939 साली जपानमध्ये ओयामा नावाच्या संशोधकाने नोंदवून ठेवली. आडव्या ड्रममध्ये लहान-मोठे कण एकत्र घालून बराच वेळ फिरवलं, तर ते ड्रमच्या लांबीवर वेगवेगळे पट्टे करून बसतात. एक पट्टा बारीक कणांचा, त्याच्या शेजारी मोठ्यांचा, पुन्हा बारीकचा. एखाद्या पट्टेरी मोज्यासारखे! मिसळण्यासाठी चालू केलेलं यंत्र माल निवडून वेगळा करत बसतं.

घरी करून बघा

विश्वास बसत नसेल तर काचेची सरळ उभट बरणी घ्या. तिच्यात साबुदाणा आणि मोहरी मिसळून साधारण अर्धी भरा. झाकण घट्ट लावा, बरणी आडवी करा आणि टेबलावर हळूहळू एकाच दिशेने लोळवा. तळाच्या काचेतून आत बघा. काही फेऱ्यांतच मोहरीचे बारीक दाणे मधे जमायला लागतील आणि साबुदाणा कडेला सरकेल.

आता बरणी जवळजवळ गच्च भरा आणि पुन्हा लोळवा. मधला भाग जागचा हलणारच नाही.

या दोन मिनिटांच्या प्रयोगात कारखान्यातली निम्मी डोकेदुखी दिसते. आता तिच्यावर उपाय काय करतात ते बघू.

वेग: वॉशिंग मशीनकडून शिका

पहिला विचार येतो तो वेग वाढवण्याचा. पण पुढून दार उघडणारं वॉशिंग मशीन आठवा. धुताना त्याचा ड्रम सावकाश फिरतो, कपडे वर जातात आणि धपकन खाली पडतात. पाणी काढताना तोच ड्रम भन्नाट फिरतो आणि कपडे भिंतीला चिकटून बसतात. मिसळणं तर सोडाच, ते पडतच नाहीत.

पावडरीचंही तसंच. प्रत्येक ड्रमला एक मर्यादेचा वेग असतो. त्याच्यापुढे माल भिंतीला चिकटतो. याला क्रिटिकल स्पीड म्हणतात. तो काढायचं सोपं सूत्र आहे: 42.3 ला ड्रमच्या मीटरमधल्या व्यासाच्या वर्गमुळाने भागायचं. एक मीटर व्यासाच्या ड्रमसाठी मिनिटाला साधारण 42 फेरे. चार मीटरच्या ड्रमसाठी जेमतेम 21. ड्रम मोठा होतो तसा हा वेग कमी होतो. त्यामुळे लहान ड्रमवर जमलेला वेग मोठ्या ड्रमला तसाच लावला की गणित फसतं.

अगदी हळू फिरवलं तर माल नुसता घसरतो किंवा थांबून-थांबून कोसळतो. मधल्या वेगात तो सलग घरंगळतो, मिसळायला तेच हवं असतं. त्याहून जास्त वेगात कण हवेत उडून पडतात. खनिज दळणाऱ्या बॉल मिलमध्ये मुद्दाम हेच करतात, कारण तिथे लोखंडी गोळ्यांनी मालावर आपटायला हवं असतं. म्हणून बॉल मिल मर्यादेच्या वेगाच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांशच्या आसपास चालवतात. थोडक्यात, योग्य वेग कामावर ठरतो.

"अजून दोन पोती टाक" हा सगळ्यात महाग सल्ला

ऑर्डर मोठी आहे, वेळ कमी आहे. ड्रममध्ये वर जागा मोकळी दिसते. मग कोणीतरी म्हणतं, अजून दोन पोती टाक, एक बॅच वाचेल.

1995 साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी 'नेचर' या विज्ञान मासिकात दाखवून दिलं की हिशोब इतका सरळ नाही. हळू फिरणारा ड्रम निम्म्याहून जास्त भरला की मधोमध एक गाभा तयार होतो. वरचा घरंगळणारा थर त्या गाभ्यापर्यंत पोचतच नाही. गाभ्यातला माल ड्रमबरोबर गोल-गोल फिरतो, पण शेजारचा कण बदलत नाही. ड्रम आणखी तासभर चालवला तरी तो मोठ्या प्रमाणात तसाच राहतो.

म्हणून वर दिसणारी मोकळी जागा वाया जात नसते. मिसळायचं काम त्या जागेतच होतं. असे ड्रम सहसा निम्म्याच्या आसपास भरतात. ड्रमचा आकार साधा गोल नसून वेगळा असेल तर थोडा जास्त माल चालतो.

माल थरावर थर ठेवायचा की शेजारी-शेजारी?

हा मुद्दा फुकटातला आहे, तरी बऱ्याचदा दुर्लक्षित राहतो.

आडव्या ड्रममध्ये माल गोलाकार दिशेने लवकर मिसळतो, पण लांबीच्या दिशेने, म्हणजे डावीकडून उजवीकडे, अतिशय सावकाश सरकतो. त्या दिशेला त्याला ढकलणारं काहीच नसतं. कण घरंगळताना थोडेफार इकडे-तिकडे होतात, एवढंच. ड्रमची लांबी दुप्पट केली तर या टोकापासून त्या टोकापर्यंत मिसळायला साधारण चौपट वेळ लागतो.

त्यामुळे एक पावडर डाव्या अर्ध्यात आणि दुसरी उजव्या अर्ध्यात टाकली तर ड्रमला सगळ्यात अवघड काम दिलं. तोच माल एकावर एक आडव्या थरांत टाकला तर काम कितीतरी सोपं होतं. मशीन तेच, वीज तेवढीच, फरक फक्त ओतण्याच्या पद्धतीत.

दुसरा उपाय म्हणजे ड्रमच तिरका फिरवायचा. आपल्याकडे सोयाबीन पेरण्याआधी बियाण्याला बुरशीनाशक किंवा जिवाणू खत चोळतात, ती बीजप्रक्रिया. त्यासाठी हाताने फिरवायचा ड्रम तुम्ही गावात पाहिला असेल. अशा अनेक ड्रममध्ये मधला दांडा सरळ न घालता कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरका घातलेला असतो. बघणाऱ्याला वाटतं वेल्डिंग चुकलंय. पण त्या तिरकेपणामुळेच प्रत्येक फेऱ्याला बियाणं एकदा या टोकाला आणि एकदा त्या टोकाला जातं. आडव्या ड्रमची मोठी उणीव एका तिरक्या दांड्याने भरून निघते.

औषध कारखान्यातले इंग्रजी व्ही अक्षरासारखे दिसणारे ब्लेंडर, दोन शंकू जोडल्यासारखे ड्रम, आतल्या भिंतीवर लावलेल्या पट्ट्या, फिरता-फिरता डोलणारे ड्रम या सगळ्यांमागे हीच कल्पना आहे. मालाला एकाच चाकोरीत फिरू द्यायचं नाही.

आणि 100 किलोत 50 ग्रॅम औषध पसरवायचं त्याचं काय? ते एकदम टाकतच नाहीत. आधी 50 ग्रॅम औषधात 50 ग्रॅम पावडर मिसळायची. त्या 100 ग्रॅममध्ये आणखी 100. मग 200 मध्ये 200. असं दुप्पट-दुप्पट करत गेलं तर अकराव्या वेळी आपण 100 किलोच्या पुढे जातो. प्रत्यक्षात टप्पे कमी-जास्त असतात, पण तत्त्व हेच. ढोकळ्याच्या पिठात हिंग घालताना आधी तो थोड्या पिठात कालवून घेणारी आजी हेच करत असते.

जिथे मिसळायचं नसतं, पसरवायचं असतं

रस्त्याच्या कामाजवळ धूर सोडणारा हॉट मिक्स प्लांट दिसतो. त्यातल्या लांबलचक ड्रममध्ये डांबर लागण्याआधी खडी सुकवून तापवतात. खतं आणि साखर सुकवण्यासाठीही असेच ड्रम वापरतात. इथे प्रश्न वेगळा असतो. गरम हवा प्रत्येक कणाला लागली पाहिजे.

त्यासाठी ड्रमच्या आतल्या भिंतीवर लोखंडी पट्ट्या बसवतात, त्यांना लिफ्टर म्हणतात. रहाटाच्या पोहऱ्यांसारखा लिफ्टर माल उचलतो आणि वर नेऊन हळूहळू सोडतो. त्यामुळे ड्रमच्या पोटात कणांचा एक पडदा पडत राहतो आणि गरम हवा त्या पडद्यातून जाते.

पडदा सगळीकडे सारखा हवा. एका बाजूला भोक राहिलं तर गरम हवा तिथून निसटते आणि इंधन वाया जातं. माल गरजेपेक्षा कमी असेल तर पडदा विरळ पडतो. माल जास्त झाला तर लिफ्टरमध्ये न मावलेला माल तळाशी नुसता लोळतो आणि ओलाच बाहेर पडतो. ओल्या खडीला डांबर नीट चिकटत नाही. पुढे पावसाळ्यात ती खडी सुटते आणि तिथे खड्डा पडायला निमित्त मिळतं.

म्हणून लिफ्टरचा आकार जागेप्रमाणे बदलतात. चिकट, ओला माल आत येतो तिथे साध्या सरळ पट्ट्या, पुढे माल सुटा झाला की वाकवलेल्या, जास्त धरून ठेवणाऱ्या पट्ट्या. बर्नरच्या ज्वाळेजवळ मात्र असे लिफ्टर लावतात की माल कडेलाच राहील. तिथे पडदा पडला तर ज्वाळा धड पेटणार नाही. लिफ्टर झिजतातही. बाहेरून ड्रम अगदी ठणठणीत दिसतो, फिरतोही छान, पण आत पडदा विरळ झालेला असतो.

मग जास्त वेळ का नाही फिरवायचं?

कारण जास्त फिरवण्याचीही किंमत मोजावी लागते.

आधी पाहिल्याप्रमाणे लहान-मोठे कण फिरता-फिरता वेगळे व्हायला लागतात. म्हणजे एका वेळेपर्यंत मिश्रण सुधारतं आणि त्यानंतर बिघडू शकतं. म्हणूनच मुळात औषध आणि पावडर यांच्या कणांचा आकार जवळपास सारखा ठेवतात, किंवा ओलावा देऊन त्यांचे छोटे दाणे बांधतात. बारीक कण दाण्यात अडकला की त्याला फटीतून निसटता येत नाही.

दुसरं उदाहरण मॅग्नेशियम स्टिअरेटचं. गोळी साच्याला चिकटू नये म्हणून ही गुळगुळीत पावडर अगदी थोडी घालतात आणि सगळ्यात शेवटी, थोडीच मिनिटं मिसळतात. जास्त मिसळली तर तिचा पातळ लेप प्रत्येक कणावर बसतो. मग गोळी ठिसूळ होते आणि पोटात विरघळायलाही वेळ लावते.

सोयाबीनच्या बियाण्याचंही तसंच. त्याचं साल नाजूक असतं. औषध चांगलं लागावं म्हणून ड्रम जोरात आणि उगाच बराच वेळ फिरवला तर साल फाटतं आणि उगवण कमी होते. शेतकऱ्याने चांगल्या हेतूने केलेल्या बीजप्रक्रियेतच बियाणं खराब होतं.

आत काय झालं हे कळतं कसं?

स्टीलच्या ड्रमच्या आत डोकावता येत नाही. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी पोकळ सळई घालून नमुने काढतात. पण नमुना किती मोठा घ्यायचा, यावरून अमेरिकेत एक गाजलेला खटला झाला होता. सरकार विरुद्ध बार लॅबोरेटरीज, निकाल 1993 चा. न्यायाधीशांनी म्हटलं की मिश्रणाचा नमुना साधारण तीन मात्रांपेक्षा मोठा नसावा. कारण साधं आहे. मोठा नमुना घेतला की त्यात कुठे जास्त, कुठे कमी असं सगळं एकत्र होतं आणि सरासरी छान येते. दोष लपून जातो.

आता यापुढची साधनं आली आहेत. ड्रमच्या खिडकीतून अवरक्त किरण टाकून मिश्रण फिरत असतानाच वाचणारे सेन्सर आहेत. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाने किरणोत्सारी केलेल्या एकाच कणाचा माग काढण्याची पद्धत विकसित केली. हॉस्पिटलातल्या एमआरआयने ड्रममधला लपलेला गाभा पाहिला गेला. आणि कंडॉल व स्ट्रॅक या दोघांनी 1979 मध्ये मांडलेल्या पद्धतीने आज कॉम्प्युटरवर लाखो कण एकेक करून फिरवून बघता येतात. लिफ्टर किती वाकवायचा, हे पत्रा कापायच्या आधीच तपासता येतं.

तर लक्षात काय ठेवायचं?

मिसळणं हे ड्रमच्या फेऱ्यांवर कमी आणि कणांना जागा बदलायची संधी मिळते का, यावर जास्त अवलंबून असतं. म्हणून मिश्रण जमत नसेल तर वेळ वाढवण्याआधी विचारायचे प्रश्न हे: ड्रम जास्त भरलाय का? वेग त्या व्यासाला योग्य आहे का? माल कसा ओतला? कणांचे आकार फार वेगळे आहेत का? लिफ्टर झिजलेत का? यातल्या निम्म्या प्रश्नांच्या उत्तराला नवं मशीन लागत नाही.

आणि चिवड्याचं म्हणाल, तर गच्च भरलेला डबा हलवून काही होणार नाही, हे आता तुम्हाला माहीत आहे. त्यापेक्षा चिवडा परातीत काढा, हाताने खालीवर करा आणि मगच वाढा. मोकळी जागा मिळाली की मीठ वर येतं.